दुसरी किल्ली

ब्रँडीच्या कोठीला दोन कुलपं होती.
एकाची किल्ली तिमथी रणपिसेच्या पट्ट्याला,
दुसरी माझ्या खिशात, सरकारी,
पितळी बिल्ल्यासकट.
दोन्ही फिरल्याशिवाय ब्रँडी बाहेर येत नसे,
आणि ब्रँडीशिवाय पोर्ट होत नाही
हे मला मुंढव्याच्या त्या शेडमध्ये
तिसऱ्या दिवशी कळलं.
मी थेंबही न घेणारा माणूस.

तिमथी आधी खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात होता.
कडू कसं लपवायचं ते तिथे शिकलो, म्हणायचा,
गोड कुठे थांबवायचं ते इथे.
फेब्रुवारीत जुन्नरकडून ट्रक यायचे,
काळी द्राक्षं, मागे मधमाश्या.
त्याच्या नखांची जांभळी कड
दिवाळीपर्यंत निघत नसे.
चर्चमध्ये हात मागे बांधून उभे राहतात,
सुवार्ताबाई सांगायच्या.

बाटल्या जुन्या बाजारातून धुऊन,
लेबलं शुक्रवार पेठेतून.
पोर्ट म्हणजे बंदर, म्हणून छापखानेवाल्याने
न विचारता कोपऱ्यात जहाज काढलं.
तिमथीने राहू दिलं.
"तेवढंच आपल्या मुठेला."
कँपात नाताळच्या केकमध्ये जायची ती,
आणि पेठेतल्या बाळंतिणीला, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर,
रोज दोन चमचे;
पिशवीत बाटली, वर कोथिंबिरीची जुडी.

रजिस्टरात एक रकाना होता: घट.
पिंपातून आपोआप उडून जातं ते.
दोन टक्के माफ.
"जातं कुठे?" मी एकदा विचारलं.
"पत्र्याखालच्या पाकोळ्या बघा, साहेब.
संध्याकाळी जरा तिरप्या उडतात."

चौऱ्याऐंशीच्या मार्चात, रात्री अडीचला,
त्याची स्कूटर माझ्या दारात.
उष्मा वाढलेला, टाकी धावत सुटलेली,
उरलेली साखर सकाळ बघणार नव्हती.
"आत्ता ओतायला हवी, साहेब."
मी नियम सांगितला. पाठच होता.
सूर्यास्तानंतर कोठी उघडू नये.
तो पायरीवर थोडा वेळ थांबला,
मग स्कूटर चालू न करता
गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली,
शेजारी जागे होऊ नयेत म्हणून.

साडेदहाला दोन्ही किल्ल्या फिरल्या.
टाकीत गोड काही उरलं नव्हतं.
नापास मालाच्या पानावर, 'कारण' या रकान्यात
त्याने माझं नाव लिहायला हवं होतं.
त्याने लिहिलं: हवामान.
खाली मी सही केली.

पुढच्या हंगामात मी वळकटी घेऊन गेलो.
अधिकाऱ्याने घरीच झोपावं असं नियमात नाही.
सूर्यास्ताचं काय, ते विचारू नका.
तो टाकीला कान लावायचा, मलाही लावायला सांगायचा.
आत बारीक चरचर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.
"अजून नाही."
बाहेर घोरपडीकडून मालगाडी.
"अजून नाही."
मग एकदम उठायचा, आणि आम्ही दोघे
कंदील घेऊन कुलपांकडे.
ब्रँडी पडली की तासाभरात आवाज तुटायचा.
"जेवत्या माणसाला ताटावरून उठवलं, साहेब.
त्याने ताटात टाकलं, ते लोक पितात."

असे अकरा हंगाम. मग माझी बदली.
मग तिथे काचेचे मनोरे,
आत रात्रभर जागणारी मुलं.
तिमथी गेला त्याला जूनमध्ये दोन वर्षं होतील.

सुवार्ताबाईंनी एक बाटली पाठवली.
लेबल नाही, जहाज नाही.
बुचावर पेन्सिलीने: मार्च ८४.
आम्हा दोघांच्या सहीने ओतून दिलेली, ती.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी चमचा घेतला,
बाळंतिणीसारखा.
कोरडी. तुरट. आणि जिभेच्या अगदी मागे
आणखी काहीतरी, त्याचं नाव मला येत नाही,
या विषयात मला अनुभव नाही.

बाटली फडताळात आहे.
महिन्यातून एकदा उजेडाला धरतो.
पातळी खाली चालली आहे.
मी परत घेतलेली नाही,
बूच जुनं झालं असेल.
दोन टक्के माफ असतात.